ताटातला बोल्ट

चहा घ्या, अन् हसायचं असन तर आताच हसून घ्या. आता काय सांगू तुमाले, मूर्खपणा सगळा माझाच हाय!

पवनारले आमची दहा बायांची डाळमिल हाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची पहिली मोठी ऑर्डर नागपूरले जायची होती. बारा वाजता ट्रक येणार. अन् पोते हलवायले आमच्यापाशी एकच गाडी, पॅलेट जॅक! लाकडी पाटाखाली तिचे दोन दांडे सरकवायचे, हँडल हापसलं की पोत्यायचा ढीग अलगद उचलते.

सकाळी हँडल धरलं, तर हातातच आलं! जोडणारा बोल्टच गायब!

माझा सोभाव तुमाले माहीतच हाय. आमची कल्पना मशीन चालवते, मी सरळ तिच्यावर घसरली.

"काऊन व, बोल्ट कुठी टाकला?"

"मले काय मालूम, ताई? पूजेसाठी गाडी तुमीच धुतली ना!"

"धुतली म्हणून काय गिळला मी?"

कल्पना रुसली. पण वर्ध्याहून नवा बोल्ट आणायले स्कुटी तिनंच काढली. मी मात्र मागं बसून तिले कामातलं ध्यान शिकवून राह्यली होती.

हार्डवेअरवाले भाऊ म्हणाले, "सँपल आणलं का, मावशी?"

"हरवलेल्या बोल्टचं सँपल कुठून आणू, बाप्पा?"

"मंग गाडीचा फोटो तरी दाखवा."

फोटो होता! दसऱ्याच्या पूजेचा, मीच ग्रुपवर टाकलेला. भाऊनं तो मोठा करून पाह्यला अन् चष्मा वर सरकवला.

"मावशी, ताटात सुपारीच्या बाजूले हे कुंकू लावलेलं काय हाय?"

अवो माय! बोल्ट! धुताना मीच खोलला होता. म्हटलं, हाही बिचारा वर्षभर राबते, म्हणून हळदकुंकू लावून ताटात ठेवला. अन् सकाळी उठून फुलं-पानं, निर्माल्य, सगळं धाम नदीत सोडून आलती. वरून हात जोडून!

भर दुकानात कान धरले. "कल्पना, चुकलं व माझं. पण आता माप कसं समजन? ट्रक येऊन राह्यला!" मले तर रडूच आलं.

"ताटात रुपया हाय ना," भाऊ म्हणाले. त्यायनं खरा रुपया मोबाईलवर ठेवला, फोटोतला रुपया तेवढाच होईस्तोवर फोटो मोठा केला, अन् एकेक बोल्ट त्यावर लावून पाह्यला. चौथा बरोब्बर बसला!

पोहोचलो तं ट्रक उभाच. कल्पनानं बोल्ट कसला, मी हँडल हापसलं, अन् ढीग उचलला! बायांनी काय टाळ्या वाजवल्या! शेवटचं पोतं चढलं तेव्हा वाटलं, चालते आता आपली मिल.

तेवढ्यात कल्पनाच्या हातात मले तसाच आणखी एक बोल्ट दिसला.

"दोन काऊन घेतले व?"

"एक गाडीले, ताई. अन् एक पुढच्या दसऱ्याले तुमच्या धाम नदीले!"