पास्कूदादाचे तीन निरोप

पास्कूदादा गेल्याचा निरोप मला तीनदा आला. पहिले दोन खोटे निघाले. त्यामुळे गेल्या महिन्यात तिसरा आला, तेव्हा मी आधी चहा संपवला आणि मग चपला घातल्या. या गोष्टीसाठी मी स्वतःला माफ करणार नाही. पास्कूदादाने मात्र केलं असतं, वर चहा कसा होता तेही विचारलं असतं.

उरणात आमची घरं भिंतीला भिंत लावून. मी आगरी, तो ख्रिस्ती, लाँचवर इंजिन सांभाळून निवृत्त झालेला. आमच्या आळीत एक समजूत पक्की होती, की फादर तेलाची कुपी घेऊन आले म्हणजे माणसाचा खेळ आटोपला. खरं तर ते तेल आजाऱ्याला बळ मिळावं म्हणून लावतात आणि पुन्हा पुन्हा लावता येतं. पण आळीला समजावणार कोण? दादाची फुप्फुसं थकली, तेव्हा फादर आले, कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. ते फाटकाबाहेर पडायच्या आत दादाच्या मुलाने, स्टीवनने, अंत्ययात्रेसाठी बँडवाल्यांना फोन केला होता. बँड दारात येऊन वाजवू लागला. दादा खाटेवर उठून बसला, दोन मिनिटं नीट ऐकलं आणि म्हणाला, "कर्नेटवाला बदला. याचे मागं मी न्हाय जानार." दुसऱ्या खेपेला तर मीच हार घेऊन धावलो. तो त्याने गळ्यात घालून घेतला आणि मला विचारलं, "सत्कार कसला हाय?"

पण मध्ये एकदा नवी मुंबईच्या इस्पितळात तो नऊ दिवस घशात नळी घालून पडला होता. हात बांधलेले... तिथून परतल्यावर त्याचं एकच मागणं होतं, पुन्हा तिथे नेऊ नका. डॉक्टरही म्हणाले, आता यंत्र लावलं तर दिवस लांबतील, माणूस सुधारणार नाही. स्टीवन ऐकायला तयार नव्हता. "बाबांना असंच सोडलं तं पाप लागंल," एवढंच त्याचं पालुपद. "बोटीचं लाकूडच गेलंय, नुस्तं इंजिन किती दिस चालवशील?" दादा म्हणाला. बापलेक दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी मीच फादरना बोलावून आणलं. तेल आणू नका, अशी विनंती करून, नाहीतर बँड आला असता.

फादर खाटेजवळ बसले. "मरण आपण ओढून आणायचं नाही, आणि ताणूनही धरायचं नाही," ते म्हणाले. "नुसता त्रास वाढवणारा उपचार पास्कू नाकारू शकतो, त्यात पाप नाही. पण पाणी, आंघोळ, वेदना कमी करायचं औषध, जवळ बसणं, हे कुणी थांबवायचं नाही. शेवटच्या श्वासापर्यंत तो पुरता माणूस आहे." दादाने स्टीवनकडे पाहिलं. "आयकलंस? म्हंजे मना सुट्टी, तुला न्हाय."

बंदरावर ट्रेलरवाल्यांवर दिवसभर ओरडणारा स्टीवन बापाला अंघोळ घालायला लागला. पहिल्या दिवशी साबण डोळ्यात. "डोला हाय तो, फरशी न्हाय!" ही दादाची आरोळी माझ्या ओट्यापर्यंत आली. पण हळूहळू त्याचा हात बसला. कूस बदलण्याआधी "वळवू का बाबा?" असं विचारायला तो शिकला, आणि "न्हाय" असं उत्तर आलं तर थांबायलाही. मला त्याचा हेवा वाटायचा. माझे वडील कोरोनात इस्पितळाच्या काचेपलीकडे गेले, त्यांच्या पायालाही मला हात लावता आला नाही. आमचं कुणाचं चुकलं होतं असं नाही, पण ते सलतं.

तर तिसरा निरोप. मी पोचलो तेव्हा खोलीत नातेवाईक जमले होते. सकाळी स्टीवन बापाची नखं कापत होता. डावा हात झाला आणि दादाचा श्वास थांबला. एक मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता, कपडे घालायचेत." स्टीवन स्टुलावरून उठला नाही. "एक हात राहिलाय," म्हणाला.

त्याने कोमट पाणी मागून घेतलं. उजवा हात त्यात थोडा वेळ धरला, पुसला, आणि एकेक नख सावकाश कापलं, दुखू नये अशा बेताने. फादर दारात उभे राहिले, आत आले नाहीत. पाचवं नख झाल्यावर स्टीवनने तो हात दादाच्या छातीवर ठेवला.

"झालं, बाबा," तो म्हणाला. "आता वळवू का?"