गायधन्यांच्या घरातली दाढ

मृण्मयी गायधनी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. दोन हजार चार साल. दिवाळीपासून तिला जेवण नको, अभ्यास नको, मैत्रिणी नकोत, जगणंही नको वाटायला लागलं होतं. हे शेवटचं ती कुणाला बोलली नाही. बाकीचं ऐकून वडील, म्हणजे पाटबंधारे खात्यातले बाळाजीसाहेब, गरजले, "पहाटे उठून सूर्यनमस्कार घाल! आमच्या वेळी असली थेरं नव्हती!" आई इंदिराबाई पोळ्या लाटत राहिल्या.

कॉलेजनं मोठ्या हौसेनं समुपदेशन कक्ष काढला होता. काढला कुठं? तर कॅन्टीनच्या समोर! मुलगी दारात पाऊल टाकते न टाकते तोच इकडे चहाच्या कपावर तिचा निकाल लागणार, "गेली रे, कामातून गेली!" सगळी पोरं शहाणी, कुणी तिकडे फिरकलं नाही. शेवटी तिथं गॅदरिंगच्या खुर्च्या रचून ठेवल्या.

मग मृण्मयीनंच एक मानसोपचारतज्ज्ञ शोधून काढला. शरणपूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर दातांचा डॉक्टर. देवानंच सोय केली म्हणायची! घरी तिनं सांगितलं, "दाढ दुखतेय."

"आईवर गेलीस," बाळाजीसाहेब पेपरामागून म्हणाले. "तिचीही दर महिन्याला दुखते." आणि ही बाई दातांनी अख्खी सुपारी फोडायची!

मृण्मयी डोळे तेवढे दिसतील असा स्कार्फ गुंडाळून स्कूटीवरून निघाली. पण जिन्यात नेमक्या शेजारच्या मोहिनीकाकू भेटल्या. त्यांनी स्कार्फाआडूनही बरोबर ओळखलं. "काय गं, दाढ का?" झालं! मुकाट्यानं दातवाल्याकडे शिरावं लागलं. पुढच्या खेपेलाही वर जायचा धीर झाला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला दातवाला म्हणाला, "अक्कलदाढ जरा वाकडी आहे, काढून टाकू." आणि हिनं चांगली धडधाकट दाढ काढून घेतली हो, पण वरचा जिना चढली नाही!

घरी काय तो थाट! बाबांनी आइस्क्रीम आणलं, मोहिनीकाकू खिमट घेऊन आल्या, कुणी लवंगेचं तेल पाठवलं. सूर्यनमस्कारांचं कुणी नावही काढलं नाही. दाढेला केवढी माया! मृण्मयीला त्या मायेची चीड आली, चीड.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीत कपडे वाळत घालायला गेली आणि कठड्याशी उभीच राहिली. खाली बघता बघता तिला स्वतःचीच अशी भीती वाटली, की बादली तिथंच टाकून ती खाली पळाली, स्कूटी काढली आणि तडक दुसऱ्या मजल्यावर गेली.

आत अर्धं नाशिक बसलेलं. कुणाच्या तोंडापुढे पेपर, कुणाच्या नाकावर रुमाल. कोपऱ्यात काळा गॉगल लावून, डोक्यावरून पदर घेऊन एक बाई बसलेली. पदर ओळखीचा होता.

"आई?"

इंदिराबाईंनी गॉगल काढला. लेकीच्या सुजलेल्या गालाकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. "अगं वेडे, दाढ कशाला काढलीस? मला विचारायचं होतंस."

"तू कधी सांगितलंस?"

तेवढ्यात आतून हाक आली, "सौ. जोशी!"

कुणीच उठेना. दुसऱ्या हाकेला इंदिराबाई उठल्या, डोक्यावरचा पदर त्यांनी खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जोशी नाही, गायधनी लिहा. आणि माझ्याआधी माझ्या मुलीला घ्या."