चाळून ठेवलेले पीठ: शिरोलीपलीकडच्या एका गावाची वाट

कोल्हापूरला कसे जावे, कोठे उतरावे आणि काय खावे, असे विचारणारे वाचक या ब्लॉगवर अधूनमधून येतात. माझ्यापाशी असलेली माहिती जुनी आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, एका जानेवारीत, आम्ही पती-पत्नी तेथे गेलो होतो. तेव्हाचे दर आता उरलेले नाहीत आणि रस्ते तर मला ओळखूही येणार नाहीत. तरीही त्या तीन दिवसांची हकीकत लिहितो. वाटेत नातलगाचे घर असणाऱ्यांना तिचा उपयोग व्हावा.

मी तेव्हा अहमदनगरला एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि महिन्यातून एकदा आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेश करत असे. त्या महिन्याचा विषय होता सिद्धता. वराला येण्यास उशीर झाला तरी दिव्यात तेल हवे, हा बायबलातला दहा कुमारींचा दाखला मी निवडला होता. टिपणे काढत बसलो असता माझ्या पत्नीने, सुशीलाने, पोस्टकार्डांची एक चळत टेबलावर ठेवली.

"उदाहरण शोधताय ना? हे घ्या."

ती पत्रे सगुणाची होती. सगुणा ही माझ्या धाकट्या भावाची, प्रभाकरची, पत्नी. तिला मी पाहिलेलेही नव्हते. प्रभाकरने पाळक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. पण त्या जानेवारीच्या नऊ वर्षे आधी तो ते शिक्षण अर्धवट सोडून कोल्हापूरला ओतकामाच्या कारखान्यात लागला. मी त्याला चार पानी पत्र लिहिले. 'यापुढे मला भाऊ नाही' हे त्याचे शेवटचे वाक्य. त्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती आणि दयेचा एकही शब्द नव्हता. त्याच्या लग्नाला मी गेलो नाही. आईच्या मातीला तो आला, तेव्हाही मी त्याच्याशी बोललो नाही.

तरीही दर तीन महिन्यांनी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी वाटून खाण्याच्या विधीच्या आधी, सगुणाचे कार्ड येई. मजकूर नेहमी तोच: 'भावजी, शनिवारी चार वाजता तयारीची सभा आहे. पीठ चाळून ठेवते. यावे.' पिठाचा संदर्भ मला कळत नसे आणि तो विचारण्याची इच्छाही नव्हती. एकदा तर मी एका कार्डावर लाल शाईने दुरुस्त्या करून ते परत पाठवले होते.

त्या रात्री माझी टिपणे पुढे सरकली नाहीत. शुक्रवारी पहाटे आम्ही एस.टी.त बसलो.

नगरहून पुणे आणि पुण्याहून कोल्हापूर हा प्रवास तेव्हा सारा दिवस खाई. पुण्यापुढचे दोघांचे तिकीट पन्नास रुपयांच्या आत होते. कात्रज आणि खंबाटकी हे दोन घाट चढताना गाडी अशी कण्हे की उतरून ढकलावेसे वाटे. कराडच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला आणि हवेला गुळाचा वास आला. मी खिडकीशी बसून खिशातली चार पाने पुन्हा वाचत होतो. होय, क्षमायाचनाही मी चार पानांचीच लिहिली होती.

"अजून किती वेळा वाचणार?" सुशीलाने विचारले.

"एक वाक्य सैल वाटते आहे."

"वाक्य नाही, तुमचे पाय सैल वाटताहेत."

शाहूपुरीत स्थानकाजवळच एक स्वच्छ लॉज मिळाले. शनिवारी सकाळी समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. वाचकहो, येथे मिसळीबरोबर पावाच्या लाद्या शोधू नका. स्लाइस ब्रेड देतात आणि रस्सा मागाल तितका वाढतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले. वाढपी म्हणाला, "रडू नकासा पावणं, दुसऱ्या घासाला सवय हुतीया." पुढे गंगावेशीत, डोळ्यांदेखत म्हैस पिळून दिलेले फेसाळ दूध उभ्यानेच प्यालो. मग मी रंकाळा पाहू या म्हणालो. रंकाळ्यावरून शिवाजी पेठ पाहू या म्हणालो. तेथे एका पानपट्टीपाशी दुपारच्या फुटबॉल सामन्यावरून हातघाई चालली होती.

"पावणं, तुम्ही कुणाकडनं?" एकाने मलाच विचारले.

"मी कोणत्याच पक्षाचा नाही."

"मग कोल्हापुरात आलायसा कशाला?"

सुशीला मनापासून हसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तोच प्रश्न मीही विचारणार होते. दीड वाजला."

मी वेळ काढत होतो हे तिने ओळखले होते. आम्ही शिरोलीकडे जाणारी बस धरली. पंचगंगेचा पूल ओलांडला, कारखान्यांची धुराडी मागे पडली आणि पुढच्या एका वळणावर गाडी थांबली ती थांबलीच. उसाच्या बैलगाडीचा आस मोडून साऱ्या रस्त्यावर ऊस पसरला होता. आमच्या शेजारी एक वयस्क बाई मांडीवर पांढरे गाठोडे घेऊन बसल्या होत्या. गाडीत सगळे त्यांना आक्का म्हणत होते.

"चारच्या आत पीठ पोचाय पायजे," त्या म्हणाल्या. "आज तयारीची सभा हाय आमची."

मी कान टवकारले. "पीठ कशासाठी?"

"उद्या प्रभुभोजन न्हाय का? त्याची भाकरी आमच्यात घरटी एक-एक वाटी पीठ गोळा करून भाजत्यात. पर ज्याच्या घरात भांडान हाय, त्याचं पीठ न्हाय घ्यायचं. आदी मिटवायचं, दोघांनी मिळून ताट धरायचं, मग घंटंच्या आत आणून द्यायचं."

"आणि मिटले नाही तर?"

"तर पीठ घरात. आमच्या सगुणाचं बगा की, नऊ वर्सं घरातच हाय. तिचा थोरला दीर लई शिकल्याला मास्तर हाय म्हणं. बोलणं सरळ, माणूस वाकडा." सुशीलाने पदर तोंडाला लावला. आक्का बोलतच राहिल्या. "तरी दर टायमाला ती पीठ चाळून दारापाशी ठेवती. मी म्हणलं, अगं कशाला? तर म्हणती, यायचा तवा त्यो येईल; तवा मी काय दळाय जाऊ? पोरीचा इस्वास बघून मलाच लाज वाटती."

"आक्का," सुशीला म्हणाली, "हेच ते मास्तर."

आक्कांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "अगं आई! मग बसलायसा काय? उतरा की! दीड मैल हाय निस्तं!"

आम्ही उसाच्या मोळ्यांवरून वाट काढत चालू लागलो. गाठोडे माझ्या खांद्यावर होते आणि ते मी जमेल तसे धरल्याने माझा काळा कोट पाहता पाहता पांढरा झाला. वाटेतल्या गुऱ्हाळावर कोणीतरी गरम काकवीचा पेला पुढे केला. आक्कांनी त्याला हातानेच नकार दिला. "परत येताना! आज मास्तर सापडल्यात!"

साडेतीनला आम्ही प्रभाकरच्या दारात उभे होतो. उंबऱ्याच्या आत, पाटावर, पांढऱ्या फडक्याखाली झाकलेले ताट होते. आक्कांनी 'मास्तर आल्यात!' अशी हाक दिली तशी सगुणा बाहेर आली, ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची. माझा कोट पाहून तिने एवढेच विचारले, "भावजी, आमच्या आदी तुम्हीच पीठ मळलासा व्हय?" भिंतीवर, दिनदर्शिकेशेजारी, एक पोस्टकार्ड टाचलेले होते. त्यावरची लाल शाई मी दुरूनच ओळखली.

"हे ठेवलेस?" मी विचारले.

"तुमचं येकच उत्तर आलंतं की. मी म्हणलं, चुका काढल्यात म्हंजे वाचत्यात."

मी मान खाली घातली. इतक्यात पहिल्या पाळीहून प्रभाकर आला. ओतकामाच्या काळ्या वाळूने त्याचे हात कोपरापर्यंत माखले होते. तो दारातच थबकला. मी खिशातून चार पाने काढली.

"प्रभाकर, मी जे लिहिले आहे ते आधी..."

"चार पानं?" तो म्हणाला. "भांडण चार पानांचं आणि माफीपण चार पानांचीच? घंटेला अर्धा तास नाही, दादा."

मी पाने घडी करून पुन्हा खिशात ठेवली. "मी चुकलो," एवढेच म्हणालो. "आईच्या मातीच्या वेळी तू समोर उभा होतास. मी चुकलो."

त्याने माझ्याकडे पाहिले, ताटाकडे पाहिले आणि वळून बाहेर निघून गेला.

आक्का दारातून सरकल्या. सुशीलाने माझी बाही धरली. इतक्या वर्षांनंतर त्याला तसा अधिकार होता, हे मला मान्य होते. मी सगुणाला म्हणालो, "बाळ, तू तुझ्याकडून सारे केलेस." ती मात्र शांतपणे ताटावरचे फडके काढत होती.

"बसा की भावजी. नळावर हाईत ते."

खरोखरच मागच्या अंगणातून पाण्याचा आणि घासण्याचा आवाज येत होता. तो बराच वेळ आला. मग प्रभाकर आत आला. राख आणि काथ्या लावून त्याने हात इतके घासले होते की ते लाल झाले होते.

"मंडळीची भाकरी हाय," तो म्हणाला. "काळा हात कसा लावू?" आणि ताटाची आपली कड धरली. "धर, दादा. सांडू नको. तुझा कोट बघितलाय मी."

आम्ही दोघे ताट धरून निघालो. रस्त्याने माणसे ओट्यांवरून उठून उभी राहिली. कोणी म्हणाले, "सगुणाचं पीठ निघालं!" आणि तो निरोप आमच्या पुढे धावत प्रार्थनामंदिरात पोहोचला. घंटेची दोरी हातात धरलेले वडीलधारे गृहस्थ चार वाजून तीन मिनिटे झाली तरी थांबले होते. वक्तशीरपणाबाबत मी कठोर आहे. त्या तीन मिनिटांबद्दल मात्र मी आजही तक्रार करत नाही. आमचे ताट मोठ्या परातीत रिकामे झाले आणि कोणते पीठ कोणाचे हे सांगता येईनासे झाले.

रविवारी त्या भाकरीचा तुकडा प्रभाकरने मला दिला आणि मी त्याला. दुपारी सगुणाने तांबडा आणि पांढरा रस्सा केला. मी पुन्हा रडलो. या वेळी दोष मिरचीला देता आला. परतीच्या वाटेवर काकवीही प्यालो.

नगरला आल्यावर मी माझा उपदेश फाडला आणि नवा लिहिला. तेल संपू न देणे म्हणजे नेमके काय, हे मला तोवर व्याख्येने ठाऊक होते. आता चाळणीने ठाऊक झाले होते. माझी समजूत होती की मी क्षमा मागायला निघालो म्हणून भेट घडली. वस्तुतः दर तीन महिन्यांनी कोणीतरी माझी जागा झाडून ठेवत होते आणि मी फक्त उशिरा पोहोचलो.

एप्रिलमध्ये सगुणाचे कार्ड आले. मजकूर प्रथमच बदललेला होता: 'भावजी, पीठ आम्ही दोघांनी दिले. आता नुसतेच या.' खाली प्रभाकरच्या हस्ताक्षरात एक ओळ होती: 'जुना कोट घालून ये.'

कार्डात तीन चुका होत्या. मी ते टाचणीने भिंतीवर लावले आणि एस.टी.चे वेळापत्रक शोधू लागलो.