दोन्ही लाइनी नेटला

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि तुम्हाला सांगते आहे ते मन हलकं करायला नव्हे — त्या शब्दाचीच मला चीड आहे. कुणाचं आयुष्य नासवायचं आणि आपण हलकं व्हायचं?

कळमनुरीत आमचं एसटीडी बूथ होतं. दोन हजार सालानंतर तिथे दोन कॉम्प्युटर टाकले आणि आयएसडीएनचं कनेक्शन घेतलं. भिंतीवर एक पांढरी डबी आली — टर्मिनल अडॅप्टर. तार एक, लाइनी दोन. एकीवर फोन, दुसरीवर इंटरनेट. नाहीतर दोन्ही इंटरनेटला जोडायच्या, वेग दुप्पट. बसवायला आलेल्या माणसाने कॉम्प्युटरवर एका चौकटीत खूण करून दिली होती. ती असली की बाहेरून फोन आल्यावर एक लाइन आपोआप सुटायची. ती काढली की फोन करणाऱ्याला नुसता एंगेज टोन, आणि आमच्याकडे घंटाही नाही. हे त्याने मला नीट समजावलं होतं. मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

समोरच्या गल्लीत छाया राहायची. माहेर पुसेगावचं. घरी फोन नाही, म्हणून तिने माहेरी आमचा नंबर दिलेला, पुढे पी.पी. लिहून. तेव्हा सगळेच देत. ज्याचा फोन, त्याने हाक मारून माणसाला बोलवायचं. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण त्यात कुणी कसूर करत नसे. मीही केली नव्हती — त्या दिवसापर्यंत.

तो बारावीच्या निकालाचा दिवस. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. फोन आला की एक लाइन सुटायची, निकालाचं पान अर्ध्यात अडकायचं आणि पोरांचे बाप माझ्या अंगावर यायचे. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी ती खूण काढून टाकली. दिवसभरासाठी. पी.पी.वाले आठवले नाहीत का? आठवले. एक दिवस फोन नाही आला तर काय बिघडतं, असं मी मनात म्हटलं. अगदी याच शब्दांत.

त्या सकाळी पुसेगावात छायाच्या आईला झटका आला. भाऊ दिगंबर तिला हिंगोलीला घेऊन गेला. तिथे म्हणाले, नांदेडला न्या. नांदेडचा रस्ता कळमनुरीवरूनच. गाडी ठरेपर्यंत दिगंबर दवाखान्यासमोरच्या बूथवरून माझा नंबर फिरवत राहिला. निरोप एवढाच — छायाने स्टँडवर येऊन उभं राहावं, तिला गाडीत घेतो. फोन लागलाच नाही, तरी स्टँडजवळ त्याने आशेने गाडी हळू करायला लावली. छाया दिसली नाही. आईला धाप लागलेली. गल्लीत जाऊन तिला शोधायला वेळ कुठे होता? तो पुढे गेला. नांदेडला पोचल्यावर तासाभरात आई गेली. वाटभर तिने छायाचं नाव घेतलं होतं.

तेरावा झाल्यावर छाया दुकानात आली.

"वैनी, दिगूदादा म्हनतो, मी फोन लावूनच राहिलो व्हतो, लाइन बिझी. खरं हाय का?"

दुकानात चार माणसं होती. माझ्याकडे एका वेळी दोन फोन चालतात, हे मी त्यांना ऐकवून ऐकवून कंटाळा आणला होता. मी म्हणाले, "बिझी कशी राहील? एक लागलेली असली तर दुसरी असते की. फोन आलाच नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "फोन आला अन् तुमी हाक मारली न्हाई, असं होतच नसतं."

तुम्ही म्हणाल, मशीनची चूक. नका म्हणू. डबीने तेच केलं जे मी करायला लावलं, आणि मी बोलले ते डबीने बोलायला लावलं नव्हतं. मला राग येतो तो ते किती सहज खपलं याचा. एकानेही उलटून विचारू नये? त्या दिवशी ज्यांचे फोन लागले नाहीत, त्यांनीही नाही? मी व्यवहाराला चोख, म्हणून माझा शब्द खरा. दिगंबर बकऱ्या वळणारा, म्हणून तो खोटा. आईच्या अंगावरचं सोनं एकट्याला पाहिजे होतं, म्हणून बहिणीला टाळलं — असं लोक माझ्याच बाकावर बसून बोलले. मी ऐकलं. चहाही दिला.

वर्षभराने दिगंबर स्वतः आला. टोपी हातात.

"ताई, तुमी तिला येवढंच सांगा, लाइन बिझी असंल बी. म्या फोन केला म्हनून सांगू नका. असंल बी, येवढंच."

छायाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मी काय म्हणाले असेन?

म्हणाले, "दादा, मी खोटं कसं सांगू?"

त्याने टोपी डोक्यावर घातली. म्हणाला, "बराबर हाय," आणि गेला. त्याला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी दिगंबर वारला. त्या दुपारी मी छायाच्या घरी होते, पापड लाटायला. भाच्याचा फोन तिच्या स्वतःच्या मोबाइलवर आला. तिने ऐकून घेतलं, फोन पदराखाली ठेवला आणि पुढची लाटी घेतली.

"जायचं न्हाई?" तिच्या सुनेने विचारलं.

"तो थांबला व्हता का माझ्यासाठी?" छाया म्हणाली.

माती संध्याकाळी होती. पुसेगावला पोचायला वेळ भरपूर होता. मी तिच्या समोर बसले होते, आणि पापड लाटत राहिले.