दोघांच्या वजनाचा उजेड

“ती रेघ पुसू नको,” असं आमचे मालक, अश्विनीचे पप्पा, म्हणाले तेव्हा माझ्या एका हातात शेणाची पाटी होती आणि दुसऱ्या हातात खराटा.

पहाटेची वेळ. धारा काढून झाल्या होत्या. कॅन भरून झाकणं लावली होती. चहा उतू जायच्या बेतात होता.

रोजचीच सकाळ. फक्त गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशानं एक आडवी रेघ ओढलेली, आणि दुधाची मोटारसायकल भिंतीकडं तोंड करून उभी. दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेले.

“चहा नंतर. आधी मागं बस.”

“कुठं जायचंय?”

“कुठं न्हाय. नुसती बस. तुझं वजन पायजे.”

“आज बरी आठवण झाली माझ्या वजनाची.”

हसले नाहीत. त्या दिवसांत ते गाडीच्या बाबतीत हसत नव्हते.

आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. रोज अंधारात दूध घेऊन कोल्हापूर गाठायचं. गल्लीच्या एका बाजूचं दूध ते घालायचे, दुसऱ्या बाजूचं मी. माझं आधी झालं की गाडीपाशी येऊन हेडलाईटच्या उजेडात जुना पेपर वाचत उभी राहायची. माझी शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही.

“लाईट रस्त्यासाठी हाय,” ते म्हणायचे, “वाचनालयासाठी न्हाय.”

लाईट तरी कसला. पिवळा, मिणमिणता. गाडी हळू झाली की तोही मरगळायचा.

एका गळीत हंगामात रस्त्याच्या मधोमध उसाची ट्रॉली बंद पडलेली. मागं लाईट नाही. उसाचे शेंडे खाली लोंबलेले, रिफ्लेक्टर असलाच तर त्याखाली झाकलेला.

मालकांनी ब्रेक दाबला. मी त्यांच्या पाठीवर आदळले. उसाचा पाला माझ्या तोंडाला लागला, इतक्या जवळ थांबलो आम्ही.

मग ते म्हणाले, “लाईट बदलायचा.”

शहरात जाऊन एलईडी बसवला. बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढून घेतली. पांढरा लख्ख उजेड. मला बरं वाटलं.

पहिल्याच पहाटे समोरून येणारा एक गाडीवाला डोळ्यांवर हात धरत रस्त्याच्या कडेला उतरला. पडता पडता वाचला. आम्ही थांबलो.

“पावणं, डोळं काढायचं ठरवलंय काय आमचं?”

“डिपरवरच हाय की.”

“कसलं डिपर? झाडावरची घरटी दिसाय लागल्यात तुमच्या लाईटीत.”

खरं होतं. मालकांनी वर बघितलं, मीही बघितलं. झाडाचं पान न् पान दिसत होतं.

मालकांनी त्याची माफी मागितली. घरी येऊन गाडी लावली आणि म्हणाले, “आपल्याला दिसावं म्हणून दुसऱ्याला आंधळं करायचं, ह्याला काय अर्थ हाय.”

म्हणून ती रेघ. उजेड तिच्या वर जायचा नाही.

लाईट बसवणाऱ्यानं गाडी रिकामी असताना लावला होता. रस्त्यावर मात्र मागं मी आणि कॅन. मागचं वजन वाढलं की गाडी मागं दबते आणि पुढचा उजेड वर जातो. त्या दिवशी मी बसले तशी उजेडाची वरची कड रेघेच्या वर सरकली. मालकांनी हात पुढं घालून स्क्रू फिरवला आणि ती रेघेवर आणली.

“आता बरोबर. आता चहा.”

त्यानंतर रस्त्यावर कुणी शिवी दिली नाही. ट्रॉली लांबूनच दिसायची.

मालक गेले, त्याला आज वर्ष झालं. लोक अजून विचारतात, गाडीवरनं पडले का? नाही. छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात नेलं, तिथं गेले. गाडीनं त्यांना कधी दगा दिला नाही.

आता दूध आमची लेक अश्विनी नेते. जनावरं माझ्याकडं, रस्ता तिच्याकडं. ती येईपर्यंत माझा कान वळणावर असतो.

परवा गाडीचा आवाज वेळेवर आला नाही. चहा दोनदा गरम केला. शेवटी आली ती एका कॅनला पोचा, कोपर खरचटलेलं, सगळ्या अंगावर दूध.

“वाचले आई. ट्रॉली उभी होती. दिसली तवा हातभर लांब होती.”

“लाईट?”

“पार चाकापुढंच पडतोय. बल्ब कमजोर झालाय. मोठा टाकूया.”

“बल्ब धड हाय. खाली बघतोय तो. स्क्रू फिरवला की झालं.”

“न्हाय.” एकदम आवाज चढला तिचा. “बल्ब बदलू, पण तो स्क्रू पप्पांनी लावलाय. कुणी हात लावायचा न्हाय त्याला.”

लाईटच्या काचेवरची धूळसुद्धा ती स्वतःच्या ओढणीनं पुसते. मला माहीत आहे.

“त्यांनी मला मागं बसवून लावला होता, अश्विनी. माझं वजन धरून. आता मागं कोण बसतंय?”

“मग तू ये की मागं.”

“आणि जनावरांचं कोण बघणार?”

ती कोपर धरून आत गेली. जेवली नाही. मीही समजूत काढायला गेले नाही. माझ्या डोळ्यांपुढं सारखी दुसऱ्या दिवशीची पहाट येत होती. साखर कारखाने सुरू आहेत, म्हणजे रस्त्यावर ट्रॉल्या असणार, आणि दूध तर जायलाच पाहिजे.

मालक, इथं पुण्यस्मरणाला लोक मोठमोठं लिहितात. मला जमत नाही. तुम्ही माणूस म्हणून चांगले होता आणि रोज मला घरी परत आणलंत. नमस्कार करते.

काल पहाटे मी गाडी गोठ्याच्या भिंतीकडं वळवली, भरलेले कॅन अडकवले आणि अश्विनीला वर बसवलं. उजेड रेघेच्या वीतभर खाली पडला. तिनं बघितलं आणि हँडल सरळ धरून ठेवलं. मी स्क्रू फिरवला. उजेड रेघेला लागल्यावर थांबले, आणि तिला जा म्हणाले.