देवीदासभाऊंनी राखलेले दात

उभी हयात पोलाद कारखान्याच्या भट्टीपुढे घालवून देवीदासभाऊ दुर्गजवळच्या खुर्सीपारला राहायला आले, तेव्हा त्यांचे खालचे पुढचे दात बोटानं हलत होते. मधुमेह जुना, बिडी त्याहून जुनी. दुर्गच्या दंतवैद्य हर्षा म्हणाल्या, "काका, हिरडी सुटली आहे. एक उपाय आहे. तुमचंच रक्त यंत्रात फिरवून त्याचा मऊ पापुद्रा काढायचा आणि हिरडीत बसवायचा. जखम भरायला मदत होते. पण साखर चढलेली असेल, बिडी चालू असेल, तर त्या पापुद्र्याची जाळी कच्ची विणली जाते. आधी दोन्ही आवरा."

भाऊंना कवळीचं नाव नको होतं. त्याच दिवशी बिडीचं बंडल नालीत गेलं. चहा फिका झाला, पहाटे फिरणं सुरू झालं. साखर उतरली, तसे ते छाती काढून पत्नी गयाबाईंसह दवाखान्यात गेले.

हर्षांनी हिरडी पाहिली. "तंबाखू चालू आहे?"

"नाही वं बाई! धुराले शिवलो नाही मी."

"अन् सकाळी डबीतलं बोटानं घासता ते?" गयाबाई म्हणाल्या.

"ते गुडाखू हाय, दात घासाचं! त्याले तंबाखू कावून म्हणून राहिली?"

"काकू बरोबर सांगतात," हर्षा म्हणाल्या. "गुळात मळलेला तंबाखूच तो. थेट हिरडीवर चोळता तुम्ही."

"भट्टीतलं लोखंड ओयखलं, डबीतला तंबाखू नाही ओयखला!" गयाबाईंनी टोला हाणलाच.

रक्त काढायचं काम पुढे ढकललं गेलं. बिडीपेक्षा गुडाखू सोडणं भाऊंना जड गेलं. सकाळी पोट साफ होईना, डोकं ठणके, घरात सगळ्यांवर खेकसणं चाले. नळावर शेजारी आनंदराव डबी पुढे करत, "घे ना, संन्यासी झाला काय?"

"मले दात राखाचे हायत," म्हणून भाऊ बादली उचलत. डबी परत उघडली नाही.

अखेर रक्त काढलं. यंत्र थांबल्यावर भाऊंनी तो पिवळसर, ओला पापुद्रा हट्टानं पाहून घेतला.

"हे माह्या रक्तातलं?"

"तुमचंच. आणि चांगला घट्ट आला आहे."

एक दात फारच सुटलेला होता, तो वाचला नाही. बाकीचे हिरडीनं धरले. काही महिन्यांनी हर्षांनी ते दाबून पाहिले आणि हसून मान हलवली. परतताना भाऊ ऑटोत शेजारच्या अनोळखी माणसाला ओठ खाली ओढून दात दाखवू लागले. एरवी गयाबाईंनी कोपर मारलं असतं. आज त्या म्हणाल्या, "अजून जरा उघडा तोंड, त्याईले दिसून नाही राहिलं."