जाऊबाईंचं मनाली

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतका प्रवास सगळ्या कडाव गावात आजवर कोणी केला नसेल, आणि तो सगळा त्यांनी पडवीत भात पाखडता पाखडता केला. प्रत्यक्षात त्या दक्षिणेला खोपोलीपर्यंत आणि उत्तरेला एकदा कल्याणपर्यंत गेल्या होत्या, तेही दाढ काढायला. पण मनालीचं नाव काढलं की त्या अशा बोलायच्या, जणू तिथे त्यांची एखादी बहीण दिलेली आहे. कुठलंही काम शेवटाकडून सुरू करायचं, हा त्यांचा स्वभावच होता. मागच्या परसात विहीर खणायचं नुसतं बोलणं निघालं, तर त्यांनी आधी रहाटाची दोरी वळली. विहीर काही झाली नाही. त्या दोरीला आमच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या बांधल्या गेल्या. मनालीचंही तसंच. कधी जायचं, कसं जायचं, कोणाबरोबर जायचं, हे ठरायच्या आधी तिथे कोणती चटणी न्यायची हे ठरलं होतं.

हे मनाली आमच्या घरात आणलं त्यांच्या भाच्याने. तो रसायनीला कारखान्यात होता. तिथल्या मंडळींबरोबर तो एका उन्हाळ्यात हिमालयात मनालीला डोंगर चढायला गेला आणि येताना फोटो घेऊन आला. एका फोटोत एक माणूस पायांना दोन लांब फळ्या बांधून पांढऱ्या उतारावरून खाली येत होता. जाऊबाईंनी तो फोटो उजेडात धरला, आडवा करून पाहिला, मग माझ्याकडे दिला. घरातल्या बायकांत मी चौथी झालेली, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. पण फोटोवर वाचण्यासारखं काही नव्हतं. तरी मी बराच वेळ पाहिलं, कारण लगेच परत दिला असता तर माझं शिक्षण कमी दिसलं असतं.

"आन् ह्यो पडत कसा नाय रं?" जाऊबाईंनी विचारलं.

"शिकवतात आत्या तिथं. बायकापण करतात. दोरीनं कडेपण उतरतात."

"कडे उतरायला शिकवायचं काय? आपली डोंगरातली ठाकरं मधासाठी रोज उतरतात. त्यांचा कुणी फोटो काढला का?" पण फळ्यांवरून त्यांची नजर हलेना. "ह्ये घसरायचं मात्र मला जमंल," त्या म्हणाल्या, आणि तिथून आमची मनालीची तयारी सुरू झाली. ती कितीतरी वर्षं चालली.

थोरले दीर म्हणजे कमी बोलणारा माणूस. त्यांनी बायकोला कधी 'नको' म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "जा की. पोरगा नेतोय तर जा. पण तुला पाटी वाचता येत नाय. धाकटी येत असंल तर जा." झालं. धाकटी म्हणजे मी. म्हणजे हिमालय आणि जाऊबाई यांच्या मध्ये जे काही उभं होतं ते मीच. माझी उंची पाहता हा मला मोठाच मान होता. मी अशी बाई की कर्जतला एस.टी. थांबली तरी 'उतरायचंय' म्हणायचा धीर होत नसे, म्हणून पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत यायची. दर वर्षी शिमग्याला भाचा यायचा आणि विचारायचा, "काय आत्या, यंदा?" मग सगळे माझ्याकडे पाहायचे. मी जमिनीकडे पाहायची. मी 'नाही' असं कधी म्हटलेलं नाही. पण मी तोंड उघडायच्या आधीच जाऊबाई कपाळावर हात मारायच्या, "ती कसली येते! भित्री बाय आमची. ही नसती तर मी आत्तापत्तूर तिकडं घर बांधलं असतं." आणि पुढच्या वर्षाची तयारी तिथल्या तिथे सुरू.

तयारी म्हणजे काय काय! आधी जेवणाचं. तिकडचा तांदूळ लांब असतो, असा लांब तांदूळ पोटात नीट बसत नाही, म्हणून घरचा तांदूळ न्यायचा. सुकट भाजून न्यायची. गाडीत वास येईल म्हटलं तर म्हणाल्या, "येऊ दे. तेवढीच बसायला जागा होईल." मग चौकशी. आम्ही दोघी कर्जत स्टेशनला गेलो. जाऊबाईंनी खिडकीत डोकं घालून मनालीची दोन तिकिटं किती म्हणून विचारलं. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. पाठीमागे म्हणजे, त्यांच्या लुगड्याचा एक भाग म्हणूनच. बाबू म्हणाला, "मनालीला रेल्वे जात नाही."

"का? काय झालं?" जाऊबाईंनी काळजीने विचारलं, जणू ती कालपर्यंत जात होती.

"काही झालं नाही बाई. चंदीगडपर्यंत गाडी, पुढे मोटार. मोठा घाट आहे."

"आमच्या खंडाळ्याच्या घाटाएवढा?"

"बाई, मागे रांग आहे."

रांगेतली एक म्हातारी मघापासून माझ्याकडे कळवळून पाहत होती. तिने जाऊबाईंना विचारलं, "हवापालटाला नेताय का हिला? काय झालंय बिचारीला?" जाऊबाई म्हणाल्या, "भीती झालीय." म्हातारीने माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. मी ती खाल्ली, कारण 'मला काही झालेलं नाही' हे सांगण्यापेक्षा खडीसाखर खाणं सोपं होतं. बाहेर आल्यावर जाऊबाईंनी निकाल दिला, "त्या बाबूला काय म्हायती नाय गं. सोता कदी गेलेला दिसत नाय."

थंडीची सवय व्हावी म्हणून एका उन्हाळ्यात त्यांनी कर्जतच्या सोडावाल्याकडून बर्फाची लादी आणवली. भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून ती एस.टी.ने निघाली तेव्हा उशीएवढी होती आणि घरी पोचली तेव्हा नारळाएवढी. जाऊबाईंनी ती परातीत ठेवली आणि मला म्हणाल्या, "उभी ऱ्हा." नारळाएवढ्या बर्फावर एकच पाय मावतो. मी भिंतीला धरून एका पायावर उभी, जाऊबाई समोर बसून "काय वाटतं? काय वाटतं?" विचारतायत, आणि अर्धी आळी दारात गोळा झालेली. पोरं दुसऱ्या पायाला हात लावून पळत होती. पायाला काहीच वाटत नव्हतं, तो केव्हाच बधिर झाला होता. तोंडाला मात्र आग लागली होती. लाजरी बाई 'नाही' म्हणू शकत नाही, म्हणून तिच्या हातून फार धाडसाची कामं होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पण त्यांच्या तयारीचा कळस झाला तो एका आषाढात. लावणी चालू होती. आमच्याकडे चिखल झाला की बैलांना एक रुंद फळी जोडतात, गडी तिच्यावर उभा राहतो, आणि बैल ओढत नेतात तसा चिखल सपाट होत जातो. जाऊबाई रोपं लावता लावता कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, थोरल्या दिरांकडे पाहत. गुडघे जरा वाकवलेले, हात पुढे, पायाखाली फळी. त्या माझ्या कानाशी आल्या. "धाकटे, त्यो फोटो आठव."

दीर न्याहारीला बांधावर गेले. बैल जोडलेले तसेच उभे होते. नांगराला बाईने हात लावायचा नाही, हे आमच्याकडे लहान मुलीलाही माहीत. पण जाऊबाई म्हणाल्या, "फळी म्हंजे काय नांगर नव्हं. चढ."

"मी?"

"मंग काय मी? मला घसरायचं येतंच. शिकायचंय तुला."

मी चढले. का चढले, तर सगळ्या लावणीवाल्या बाया पाहत होत्या आणि नको म्हणायचं तर मोठ्याने म्हणावं लागलं असतं. थोरले दीर अंगाने भारी. त्यांच्या जागी माझं ओझं पडलं तेव्हा बैलांना वाटलं असणार की आज सुट्टी आहे. ते सुटले. मी दोरी धरली, गुडघे वाकवले, म्हणजे भीतीने आपोआप वाकले, आणि निघाले. दोन्ही बाजूंनी पाणी उडत होतं. मागून बाया ओरडत होत्या, "धाकटी निघाली गं! धाकटी निघाली मनालीला!" आणि त्या सगळ्यांच्या वर कोणीतरी "हो ऽ ऽ" करून आरोळी देत होतं. हा एवढा मोठा आवाज कोणाचा म्हणून पाहते तर तो माझाच होता. बांधाशी बैल थांबले. मी थांबले नाही. मला चिखलातून ओढून काढलं तेव्हा दीर भाकरी हातात धरून उभे होते. त्यांनी आधी बैलांचे खूर पाहिले, मग बायकोला म्हणाले, "बैलांचं तिकीट काढलं होतंस का?"

त्या दिवशी माझ्यात काहीतरी बिघडलं. चिखल धुतला गेला, पण ते पाण्यावरून जाणं पायांतून जाईना. भाकऱ्या थापताना, रॉकेलच्या रांगेत, कुठेही उभी असले की माझे गुडघे हळूच वाकायचे. पुढच्या शिमग्याला भाचा आला. पुरणपोळी खाऊन झाली आणि त्याने विचारलं, "काय आत्या, यंदा?" दीर म्हणाले, "धाकटी येत असंल तर." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जाऊबाईंचा हात कपाळाकडे निघालाच होता.

"मी येते," मी म्हटलं.

जाऊबाईंचा हात वाटेतच राहिला. आमचे हे पान खात होते, ते चघळायचे थांबले. भाचा खूश झाला. पाडव्याला येतो, तेव्हा नक्की सांगा, मग तिकिटं काढतो, म्हणाला आणि गेला.

त्यानंतर जाऊबाईंनी मनालीचं नाव घ्यायचं सोडलं. मला वाटलं होतं आता त्या रात्रीचा दिवस करतील. पण बांधून ठेवलेली सुकट एके दिवशी आमटीत पडली. गाठोड्यातल्या घोंगड्या परत माळ्यावर गेल्या. एकदा म्हणाल्या, "म्हस गाभण हाय गं." म्हटलं, ती तर दिवाळीत विणार. एकदा म्हणाल्या, "तुझं नाक गळतंय." म्हटलं, कालच बरं झालं. त्यांचं जेवण कमी झालं. पडवीत बसल्या तरी सूप नुसतंच मांडीवर.

मग एका दुपारी गावच्या विहिरीवर आम्ही दोघीच होतो. हंडा भरून काठावर ठेवलेला, पण त्या उचलेनात. पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "धाकटे, तुला खरंच भीती वाटत नाय?"

"वाटते की," मी म्हटलं. "पण तुम्ही आहात ना बरोबर."

त्यांनी हंड्याच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तुला मी हाय गं. मला कोण हाय?"

आणि हंडा उचलून पुढे चालू लागल्या. मी मागे उभीच. कल्याणला दाढ काढायला गेल्या होत्या तेव्हा त्या परत येईपर्यंत काही बोलल्या नव्हत्या, असं दीर एकदा म्हणाले होते. आम्हाला वाटलं, दाढेमुळे. इतकी वर्षं आपल्या घरात एकच भित्री बाई आहे असं मी धरून चालले होते, आणि ती मी आहे याची मला लाज वाटायची. माझ्या भीतीचा त्यांना केवढा आधार होता, हे मला तेव्हा कळलं. मी घाबरत होते म्हणून त्यांना खुशाल हिमालयात हिंडता येत होतं. मी 'येते' म्हटलं आणि त्यांना पडवीत बसवून ठेवलं.

पण मला जायचं होतं. हे मी इथेच लिहिते आहे. पाडव्यापर्यंत मी रोज ठरवत होते की त्यांना धीर देऊ, हात धरून नेऊ, पाट्या वाचू. आणि रोज त्यांचं सुकलेलं तोंड पाहत होते.

पाडव्याला भाचा आला. गुढीला नमस्कार करून पडवीत बसला. जाऊबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या, चौकट घट्ट धरून. भाच्याने काही विचारायच्या आधीच मी म्हटलं, "मी येत नाही. मला भीती वाटते. तिकडे बर्फात मी मरून जाईन." लावणीच्या दिवशीसारखाच आवाज लागला. शेजारची बाई डोकावून गेली.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चौकटीवरचा हात सुटला तो थेट कपाळावर. "बघा! मी म्हटलं नवतं? पायांत बळच नाय हिच्या! आता आली होती ना संधी! रं, पुढच्या साली बघू, हिला जरा डोंगरबिंगर चढवते." आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत. दुपारी पानं वाढली. माझ्या पानात वरणभातावर तूप वाढताना त्यांनी धार इतका वेळ धरली की भात दिसेनासा झाला. मी पुरे म्हटलं नाही.

त्यानंतर आमचं मनाली पुन्हा पूर्वीसारखं चालू झालं. मनालीच्या पुढे आणखी एक उंच घाट आहे असं त्यांना कुठून तरी कळलं, तेव्हा मुक्काम वाढवावा लागला. तांदूळही वाढवला. जाणारी-येणारी बाई असो की मासळीवाली, जाऊबाई तिला बसवून सांगायच्या, "ही आमची धाकटी भित्री, नायतर मी कवाच जाऊन आले असते." मी मान डोलवायची. पुढे त्यांचे गुडघे गेले. तरी पडवीत पाय लांब करून त्या मला विचारायच्या, "यंदा?" आणि मी जमिनीकडे पाहिलं की समाधानाने हसायच्या.

गेल्या वर्षी जाऊबाई गेल्या. तेराव्याला भाचा आला होता. आता त्याचेही केस पिकलेत. जेवणं झाल्यावर सगळे ओटीवर बसले आणि तो हळहळला, "आत्याला तेवढं मनाली दाखवायचं राहिलं. काकी, तुम्ही हो म्हणून मागं फिरलात, नायतर झालं असतं तिचं."

ओटीवरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो रे," मी म्हटलं. "मला फार भीती वाटली."